ठेव आमची, व्याज बेचाळीस टक्के : रिझर्व्ह बँकेला एका मेसवालीचं खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि विद्यार्थ्यांना क्रेडिट कार्ड देणाऱ्या, तसंच न देणाऱ्या, सर्व बँकांचे कार्ड विभाग

विषय : विद्यार्थ्यांचं पहिलं क्रेडिट कार्ड

सविनय नमस्कार.

मी पुण्यात सदाशिव पेठेत मेस चालवते. दोन्ही वेळची मिळून साठ-सत्तर ताटं होतात. त्याआधी १९ वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कारकून होते, त्यातली शेवटची आठ कर्ज विभागात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पोळ्या लाटणारीला बँकेतलं काय कळतं म्हणून पत्र बाजूला पडायचं.

माझ्याकडे एक लांब वही आहे. कोण कधीपासून जेवतंय, कुणाचे किती खाडे, कुणाची किती बाकी, सगळं तिच्यात आहे. नांदेडकडचा एक मुलगा चार वर्षं माझ्याकडे जेवतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्याचे पैसे येतात. एकदाच चुकला. वडिलांचं ऑपरेशन होतं, तर आधी येऊन सांगून गेला आणि दोन महिन्यांचे पैसे तिसऱ्या महिन्यात एकरकमी ठेवले. आमच्या पतसंस्थेत असा खातेदार आला की मॅनेजर स्वतः चहा सांगायचे. हाच मुलगा हप्त्यावर लॅपटॉप घ्यायला गेला आणि दुकानातल्या यंत्रानं त्याला नाही म्हटलं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा स्कोअर किती, तर उणे एक. हा स्कोअर ३०० पासून ९०० पर्यंत असतो असं ऐकून होते, उणे एक मला नवीनच होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, ज्यानं आजवर कुठलंच कर्ज घेतलेलं नाही त्याच्या नावापुढे हे येतं. कुणाचं काही देणं नसलेल्या मुलाला शून्यसुद्धा मिळत नाही.

त्यानं पुढे मोबाइलमधल्या एका ॲपवरून पैसे उचलले. त्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही डिजिटल कर्जांचे नियम २०२२ मध्ये काढलेत ते अशाच मुलांच्या कहाण्या ऐकून काढले असणार.

मला सविस्तर सांगायचं आहे ते माझ्या भाचीचं. ती बार्शीची, शिकायला माझ्या जवळ. २०२३च्या ऑगस्टमध्ये ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या आवारात एका बँकेच्या कार्डाचं टेबल लागलं. टेबलापाशी एक मुलगा आणि पाठीवरच्या बॅगांचा ढीग. फॉर्म भरला की बॅग फुकट. भाचीच्या जुन्या बॅगेची चेन गेली होती, ती रांगेत उभी राहिली. उत्पन्नाच्या रकान्याशी तिचं अडलं. टेबलावरचा मुलगा म्हणाला, शिकवणी घेतेस का? ती म्हणाली, शेजारच्या दोन मुलांची घेते. तो म्हणाला, मग झालं, तीन लाख लिहितो. दोन मुलांच्या शिकवणीत वर्षाला तीन लाख सुटत असते तर मीही परात बाजूला ठेवून फळा घेतला असता.

कार्ड पोस्टानं आलं. तिच्या आईनं फोनवर सांगितलं, कर्जाची वस्तू आहे, हात लावू नकोस. तिनं ते कपाटात ठेवलं आणि एक रुपयाचीही खरेदी केली नाही. मधे एक फोन आला, पत्ता तपासायचाय, मेसेजमधला आकडा सांगा. तिनं सांगितला. तेवढ्यावर कार्ड चालू झालं. दिल्यापासून महिनाभर चालू न केलेलं कार्ड ग्राहकाच्या ओटीपीवाचून चालू करू नये, असा नियम तुम्ही २०२२च्या एप्रिलमध्ये केलात. नियम चांगला आहे, पण कशाचा ओटीपी आहे हे न सांगता तो काढून घेता येतो.

पहिलं वर्ष फुकट होतं. दुसऱ्या वर्षी फी लागली, ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. बिल जात होतं ते टेबलावरच्या मुलानंच तिथल्या तिथे उघडून दिलेल्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड हिला कधी माहीतच नव्हता. मोबाइलवर मेसेज येत होते. न वापरलेल्या कार्डाचे पैसे कोण मागेल, हा नक्की फसवणुकीचा प्रकार, असं समजून ती ते पुसत राहिली. अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवू नका, हे जाहिराती देऊन तुम्हीच सांगता. तिनं ऐकलं.

सात महिन्यांत ५९० रुपयांचे ४ हजार ३०० झाले. उशिराचा दंड, दंडावर जीएसटी, पुन्हा पुढच्या महिन्याचा दंड. मग वसुलीवाल्याचा फोन आला. पोरगी घाबरली, रडली. तो एकदम मवाळ झाला, म्हणाला, अडीच हजार भरा, मिटवून टाकतो. तिनं कुणाला न सांगता मैत्रिणीकडून घेऊन भरले. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाई, पूर्ण फेडणं आणि मिटवणं यांत फरक असतो. पूर्ण फेडलं तर खात्यावर 'क्लोज्ड' लागतं. तडजोड केली तर 'सेटल्ड' लागतं, आणि ते पाहिलं की पुढचा प्रत्येक कर्ज अधिकारी समजतो, हिनं बँकेला बुडवलं होतं. वसुलीवाल्यानं हे तिला सांगितलं नाही. सांगण्याचं बंधन त्याच्यावर असायला हवं होतं.

२०२५च्या जूनमध्ये एमबीएच्या शैक्षणिक कर्जासाठी आम्ही दोघी बँकेत गेलो. अधिकारी भले होते. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. शेवटी माझ्या बहिणीच्या पाटल्या तारण ठेवून फी भरली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिचे हात मोकळे दिसले.

त्यानंतर भाची आणि मी चार संध्याकाळी भांडी आवरून तुमचे क्रेडिट कार्डांचे नियम वाचले, तेच २०२२ चे. म्हणून आता जे लिहिते ते रागानं नाही, वाचून लिहिते.

पहिली तक्रार याच वाचनातून निघाली. तुमचा नियम म्हणतो, वर्षभरापेक्षा जास्त काळ न वापरलेलं कार्ड, ग्राहकाला कळवून, त्याचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर बंद करावं. मात्र सगळी बाकी भरलेली असेल तरच. आता गंमत बघा. न वापरलेल्या कार्डाला वर्ष झालं, की त्याच सुमाराला वर्षाची फी लागते. फी लागली की बाकी झाली, आणि बाकी झाली की कार्ड बंद होत नाही. विसरलेलं कार्ड आपोआप मिटावं म्हणून केलेला नियम, बँकेनं स्वतःच लावलेल्या फीमुळे लागूच होत नाही. बंद करायला सांगूनही सात कामकाजी दिवसांत बँकेनं कार्ड बंद केलं नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड, हा तुमचा नियम फार छान आहे, पण तिथेही अट तीच. न भरलेली फी आणि कर मुद्दलात धरून त्यावर व्याज लावू नये, हेही तुम्ही म्हटलं आहे. दंडाबद्दल मात्र असं काही आम्हाला सापडलं नाही. तिच्या ४ हजार ३०० मध्ये व्याज नगण्य आणि जवळजवळ सगळा दंडच होता.

दुसरी तक्रार उणे एकची. २०२५च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची कर्जनोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. मी ते कात्रण मेसमध्ये भिंतीवर लावलं. एका मुलानं त्याचा फोटो काढून शाखेत दाखवला. उत्तर मिळालं, आम्ही नाही फेटाळत, सिस्टिम फेटाळते.

तिसरी जरा लांबणार आहे, कारण या पत्राचं मूळ कारण तीच आहे.

मला वाटलं, निदान पुढच्या मुलांना नीट वाट दाखवावी. मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड असतं, हे मला माहीत होतं. दहा-पंधरा हजारांची एफडी ठेवायची, तिच्यावर बँकेचा बोजा चढतो आणि तिच्या सुमारे ८० ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं. महिन्याला थोडं वापरायचं, तारखेच्या आत पूर्ण भरायचं, सहा-आठ महिन्यांत नावापुढे खरा स्कोअर येतो. ज्याच्याकडे पगार नाही, जामीनदार नाही, पण शिष्यवृत्तीतून किंवा पार्टटाइम कामातून साठवलेले चार पैसे आहेत, त्याच्यासाठी याच्याइतकी सरळ वाट दुसरी नाही. बँकेला धोका काडीचाही नाही. मुलानं नाही भरलं तर एफडी मोडून घ्या.

तर आमच्या मेसची तीन मुलं, तिघंही अठरा वर्षांवरची, प्रत्येकाचे स्वतःचे पैसे, आणि मी, असे चौघं चार शाखांत फिरलो. पहिल्या शाखेत उत्पन्नाचा दाखला मागितला. एफडी हातात असताना उत्पन्न कशाला? नियम आहे. दुसऱ्या शाखेत किमान एफडी २५ हजारांची. तिसऱ्या शाखेतल्या बाईंनी कौतुकानं ऐकून घेतलं आणि एफडीऐवजी विम्याची पॉलिसी घ्या म्हणाल्या. चौथ्या शाखेत सांगितलं, हे आता फक्त ॲपवर होतं. ॲपनं गावाकडचा पिनकोड पाहून सेवा उपलब्ध नाही म्हटलं. आधारवर पत्ता गावाचाच असणार ना, मुलं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, दर वर्षी खोली बदलतात.

चारही ठिकाणी नकार तोंडी. कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यायचं, असं तुमचे नियम सांगतात. म्हणून अर्जच घ्यायचा नाही, ही युक्ती. आमच्या पतसंस्थेतही काही महाभाग असं करायचे, तेव्हा मला ओळखायला वेळ लागला नाही.

पाचव्या ठिकाणी मिळालं. तिघांनाही. आनंदानं घरी आलो, त्या दिवशी फीस्ट नसताना श्रीखंड केलं. रात्री भाचीनं कार्डाबरोबर आलेला कागद वाचला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर जीएसटी.

साहेब, मी कर्ज विभागात होते. ठेवतारण कर्ज म्हणजे काय ते मला झोपेत विचारा. ठेवीवर जो दर देता, त्याच्या वर एक किंवा दोन टक्के घ्यायचे, कारण पैसे ठेवीदाराचेच आहेत आणि बँकेच्याच तिजोरीत आहेत. ठेवीवर साडेसहा टक्के मिळत असतील तर कर्ज साडेआठनं. दहा हजार वर्षभर वापरले तर व्याज ८५० रुपये. तेच दहा हजार, तशीच ठेव तारण ठेवून, कार्डावर वर्षभर थकवले तर व्याज ४ हजार २०० आणि जीएसटी ७५६, जवळजवळ पाच हजार. तारण नसलेल्या कार्डाला ४२ टक्के का, याचं बँकांचं उत्तर ठरलेलं आहे : बुडण्याचा धोका. मग जिथे धोका नाही तिथेही तोच दर का? हा प्रश्न मी पाचव्या बँकेच्या अधिकाऱ्यांना विचारला. ते म्हणाले, काकू, वेळेवर भरा ना, म्हणजे व्याजच लागणार नाही. बरोबर आहे. सुदृढ राहा, म्हणजे औषध लागणार नाही, हेही बरोबरच असतं.

ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं, की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला त्या निकालावर बोलायचं नाही. पण त्याचा अर्थ आता या बाबतीत बोलू शकणारे तुम्हीच उरलात, आणि तुम्ही काही बोलत नाही, म्हणून हे पत्र.

भाषेचं थोडक्यात सांगते. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत द्याव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, असं तुमच्या नियमांत आहे. पाचही बँकांत मराठी कागद मिळाला नाही. "शक्यतो" हा शब्द कुणी घातला असेल त्याला एकदा माझ्याकडे जेवायला पाठवा. ताटात शक्यतो भाजी वाढेन.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. तरुण मुलं बिनतारण कर्जात वाहवत चालली होती. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तुम्ही बँकांच्या कार्ड-कर्जांवरचा जोखीम भार, म्हणजे अशा कर्जापोटी बँकेनं किती भांडवल राखायचं त्याचं माप, १२५ वरून १५० टक्के केलात, बँकांनी हात आखडता घेतला. त्याआधी २०२२ मध्ये प्रीपेड कार्डांत उधारीचे पैसे भरण्याचा प्रकार थांबवलात, तेव्हा माझ्या मेसमधल्या तीन-चार पोरांची कार्डं एका आठवड्यात निकामी झाली आणि मला मनातून बरं वाटलं. विद्यार्थ्यांना सरसकट कार्डं वाटा असं मी कधीच म्हणणार नाही. पहिल्या पगाराआधी पोरांना पन्नास हजारांची मर्यादा देणारा माणूस मला शत्रू वाटतो. पण टेबल मांडून बॅग वाटत दिलेलं बिनतारण कार्ड सहज मिळतं, आणि स्वतःचे पैसे तारण ठेवून मागितलेलं मिळत नाही, हे उफराटं आहे.

माझ्याकडे दोन वर्षं जेवलेला एक मुलगा सध्या अमेरिकेत शिकतो. तिथेही त्याची नोंद कोरीच होती. दोनशे डॉलर ठेव देऊन त्यानं पहिलं कार्ड घेतलं. त्यानं फोनवर सांगितलं, की तिथे २००९ च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्याला स्वतःचं उत्पन्न किंवा सहकर्जदार असल्याशिवाय कार्ड देता येत नाही, आणि कॉलेजच्या आवारात भेटवस्तूचं आमिष दाखवून विद्यार्थ्यांकडून अर्ज भरून घ्यायला बंदी आहे. तिकडचं सगळं चांगलं असं माझं मत नाही, पण बॅगांचं टेबल त्यांना दिसलं आणि त्यांनी ते उचललं.

हल्ली कुणी कुणी असंही सुचवतं, की घरभाडं, मेसचे पैसे, रिचार्ज, सगळ्याची नोंद स्कोअरमध्ये घ्या, म्हणजे उणे एकचा प्रश्न सुटेल. कृपा करून माझी वही तुमच्याकडे घेऊ नका. ज्याचे पैसे राहिलेत त्याला मी जेवायला वाढते, त्याचा स्कोअर खाली जाईल असं काही मला करायचं नाही.

तर मागण्या अशा.

शिक्षणसंस्थांच्या आवारात आणि महोत्सवांत भेटवस्तू देऊन कार्डाचे अर्ज घ्यायला बंदी करा. उत्पन्नाचा रकाना अर्जदारानं स्वतः भरावा, आणि एजंटानं खोटा भरला असेल तर त्या कार्डाची सगळी देणी बँकेची.

अठरा वर्षांवरच्या कुणालाही, ज्या बँकेत त्याचं खातं आहे तिथे, पाच हजारांच्या एफडीवर कार्ड मिळालं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला नाही, गावाचा पिनकोड आड येणार नाही. तोंडी चौकशीलाही पोच द्या आणि नकाराचं कारण कागदावर.

एफडीच्या तारणावरच्या कार्डाचं व्याज ठेवतारण कर्जाच्या दराशी बांधा. चार टक्के जास्त घ्या हवं तर, कार्ड चालवायला खर्च येतो हे मान्य. पण ४२ नाही.

ज्या कार्डावर एकही खरेदी झालेली नाही, त्याच्या फीवर उशिराचा दंड नको आणि त्या थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाऊ नये. असं कार्ड वर्षभरानंतर फी न लावता बंद करा.

वसुली करणाऱ्यानं तडजोडीची रक्कम सांगण्याआधी 'सेटल्ड' म्हणजे काय, हे ग्राहकाच्या भाषेत लेखी कळवावं. आणि अटींच्या कागदाबाबत "शक्यतो" काढून टाका.

भाचीच्या नोंदीबद्दल आम्ही बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे तक्रार केली आहे. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये भरपाई, हा तुमचाच नियम, २०२४च्या एप्रिलपासून लागू. आज ४१वा दिवस आहे. ११०० रुपये झाले. वहीत बँकेच्या नावानं पान उघडलंय, रोज रात्री भर घालते.

आपली,
सदाशिव पेठेतली एक मेसवाली काकू